गृहयुद्धातली दुकानदारांची टोकनं जमवताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या गृहयुद्धाचं पहिलं वर्ष संपता संपता, १८६१ च्या डिसेंबरअखेरीस, न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. लोकांनी आधी सोन्याची नाणी दडवली. १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत चांदीची गेली, आणि मग तांबे-निकेलचा साधा एक सेंटसुद्धा बाजारात दिसेना. बिअरचा पेला विकला तर सुटे परत द्यायला दुकानदाराच्या गल्ल्यात काही उरलं नाही. लोक टपाल तिकिटं चिल्लर म्हणून देऊ लागले, तर ती बोटांना चिकटून फाटायची. १८६२ च्या शरद ऋतूत सिनसिनाटी आणि पश्चिमेकडच्या शहरांत दुकानदारांनी सेंटच्या मापाची स्वतःची टोकनं पाडून घ्यायला सुरुवात केली. १८६३ मध्ये न्यूयॉर्कसह बाकीच्या शहरांत त्याची लाटच आली. एकूण अडीच कोटींच्या आसपास टोकनं पाडली गेली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने एक आणि दोन सेंटच्या खाजगी टोकनांवर बंदी आली, ८ जूनच्या कायद्याने उरलेल्या खाजगी नाण्यांवरही. सगळा खेळ जेमतेम दोन वर्षांचा.

इतक्या थोड्या काळात, इतक्या ठिकाणी, इतक्या कारागिरांनी घाईघाईत पाडलेल्या वस्तूंना टांकसाळीच्या नाण्यांचे नियम लागू होत नाहीत. कोणत्या वर्षी किती पाडली याच्या नोंदी नाहीत, ठरावीक वजन नाही, एक धातू नाही. नाण्यांच्या सवयीने या टोकनांकडे पाहिलं की चुका होतात, आणि त्या महागात पडतात.

दुकानदाराचं नाव वाचून थांबणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. टोकनावर दुकानाचं नाव, गाव, धंदा वाचला, तेवढंच पाकिटावर लिहिलं, काम झालं. पण एकाच दुकानदाराने वेगवेगळ्या वेळी, कधी वेगवेगळ्या कारागिरांकडून, टोकनं पाडून घेतलेली असतात. एका बाजूला त्याची जाहिरात, दुसऱ्या बाजूला कारागिराकडे तयार असलेला ठसा (ज्याने धातूच्या चकतीवर नक्षी उमटवतात तो साचा): इंडियन हेडची, म्हणजे तेव्हाच्या सरकारी सेंटवरच्या चेहऱ्याची नक्कल, लिबर्टीचं डोकं, पानांची माळ, गरुड, झेंडा. तोच तयार ठसा शेजारच्या दुकानदाराच्या टोकनावरही सापडतो. म्हणून टोकनाची ओळख चार गोष्टी मिळून ठरते: पुढचा ठसा, मागचा ठसा, धातू आणि कड. यातली एक बदलली की तो वेगळा प्रकार.

जॉर्ज आणि मेल्विन फुल्ड या पितापुत्रांनी बसवलेली क्रमांकपद्धत याच कारणासाठी जगभर चालते. दुकानदारांच्या टोकनांना, म्हणजे स्टोअर कार्डांना, आधी राज्याची दोन अक्षरं, मग शहराचा क्रमांक (सिनसिनाटी १६५, न्यूयॉर्क शहर ६३०), मग दुकानदाराचं अक्षर, मग ठशांच्या जोडीचा क्रमांक आणि शेवटी धातूचं अक्षर. ए म्हणजे तांबं, बी पितळ, डी तांबे-निकेल, ई पांढरा धातू, एफ चांदी. दुकानाचं नाव नसलेल्या देशभक्तीच्या टोकनांना नुसते दोन ठशांचे दोन क्रमांक आणि धातूचं अक्षर. खरेदी करण्याआधी हा क्रमांक स्वतः लावून पाहा. विकणाऱ्याने लिहिलेला क्रमांक हा त्याचा अंदाज आहे असं समजूनच पुढे जा.

क्रमांक जुळत नसेल तर घाबरून जाऊ नका, पण लगेच ‘नोंद नसलेला प्रकार सापडला’ म्हणून उड्याही मारू नका. दोन्ही बाजूंचे मोठे फोटो काढा. अक्षर पानाच्या टोकासमोर येतं की दोन पानांमध्ये, वर्षाचा शेवटचा आकडा माळेच्या गाठीपासून किती दूर आहे, तारे कुठे सुरू होतात, हे पाहा. नक्षीच्या मजकुरापेक्षा या जागा जास्त बोलतात, कारण कारागीर प्रत्येक ठशात अक्षरं हाताने एकेक करून ठोकायचा आणि दोनदा तंतोतंत तशीच बसवणं त्याला जमायचं नाही. ठशाला गेलेली चीर मात्र ओळखीसाठी जपून वापरा. ती ठसा वापरता वापरता वाढत जाते, त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन टोकनांत एकावर चीर नसेल आणि दुसऱ्यावर ती कडेपर्यंत पोचलेली असेल. एवढं करूनही जुळलं नाही तर १९६७ पासून काम करणाऱ्या सिव्हिल वॉर टोकन सोसायटीच्या जाणत्या सभासदांना फोटो दाखवा.

रंगावरून धातू ठरवणं

दीडशे वर्षांहून जुनं पितळ तांब्यासारखं तपकिरी दिसतं. मुलामा दिलेलं तांबं चांदीसारखं दिसतं. पांढरा धातू काळवंडला की शिशासारखा वाटतो. आणि या अंदाजावर किमतीत मोठा फरक पडतो, कारण तांब्यातलं सर्रास मिळणारं टोकन चांदीत किंवा तांबे-निकेलमध्ये अगदी मोजकं असू शकतं.

यावर उपाय सोपा आहे आणि तो घरी करता येतो: विशिष्ट गुरुत्व, म्हणजे धातू तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे ते काढा. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. टोकन कोरडं तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्याने टोकन पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे टोकनाने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. तांबं ८.९ च्या जवळ येतं, पितळ साधारण ८.४ ते ८.७, चांदी १०.५ च्या आसपास, शिसं ११.३, आणि मुख्यतः कथलाचा पांढरा धातू ७.३ च्या जवळपास. टोकनाला चिकटलेला हवेचा बुडबुडा हिशोब बिघडवतो, म्हणून दोन-तीनदा मोजा. तांबे-निकेलचं गुरुत्व तांब्याच्या फार जवळ असल्यामुळे त्या दोघांत या पद्धतीने निवाडा होत नाही. तिथे रंग आणि वजन पाहावं लागतं. लोहचुंबकाचा उपयोग फक्त लोखंडी नक्कल पकडायला होतो. तांबे-निकेलमध्ये निकेल असलं तरी ते चुंबकाला चिकटत नाही.

तांबे-निकेलच्या टोकनाचं वजन ४.६७ ग्रॅमच्या जवळ आलं तर भिंग काढाच. १८५७ ते १८६४ पर्यंतच्या सरकारी सेंटचं हे वजन. त्या सेंटवरच टोकनाचा ठसा मारलेला असेल तर खालच्या नक्षीचे अवशेष, एखादं अक्षर किंवा माळेचा तुकडा दिसू शकतो. तसंच चांदीचं टोकन २.४९ ग्रॅमच्या आसपास असेल तर ते दहा सेंटच्या नाण्यावर मारलेलं असण्याची शक्यता तपासा. मात्र टोकनांचं वजन मुळातच सारखं नसतं, जाड-पातळ दोन्ही चकत्या वापरल्या गेल्या. त्यामुळे ‘वजन जुळलं नाही म्हणजे खोटं’ हा निष्कर्ष काढू नका.

कडही पाहा. बहुतेकांची कड साधी असते. दातेरी कड असेल तर तो स्वतंत्र प्रकार, आणि पारदर्शक खोक्यात बंद टोकनाच्या फोटोत तो सहज निसटतो.

दुर्मीळ म्हणजे बाजारात फिरलेलं, असं धरून चालणं

माझ्या मते या छंदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. युद्ध चालू असतानाच टोकनं जमवणारे लोक होते. कारागिरांना हे गिऱ्हाईक लगेच कळलं. मग त्यांच्यासाठी खास टोकनं पाडली गेली: नेहमीचा ठसा चांदीत, पांढऱ्या धातूत, सरकारी नाण्यावर. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन ठसे जोडले गेले. कधी दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या दुकानदारांच्या जाहिराती! असं टोकन गल्ल्यातून कधी फिरलेलंच नाही. ते थेट संग्राहकाच्या खणात गेलं.

ही टोकनं खोटी नाहीत, त्याच काळातली आणि त्याच ठशांची आहेत. हौशी लोकांनी ती जरूर घ्यावीत. पण ज्याला चिल्लरटंचाईचा इतिहास हातात धरायचा आहे त्याने आधी स्वतःला विचारावं: हे टोकन कशासाठी पाडलं होतं? खुणा साध्या आहेत. एकाच ठशाच्या जोडीची पाच-सहा धातूंत नोंद आहे का? त्यातली तांब्याची टोकनं झिजलेली सापडतात आणि चांदीची सगळी कोरी करकरीत? दोन्ही बाजूंचा मजकूर एकमेकांशी विसंगत आहे का? सिनसिनाटीचे जॉन स्टँटन आणि विल्यम लॅनफियर यांच्यासारख्या मोठ्या कारागिरांच्या ठशांबाबत हे प्रश्न विचारावेतच.

याउलट न्यूयॉर्कच्या गुस्टाव लिंडेनम्युलरचं टोकन घ्या. हा बिअरचा सलून चालवायचा. त्याने दहा लाखांहून जास्त टोकनं बाजारात सोडली असं सांगितलं जातं. थर्ड अव्हेन्यू रेलरोड ही ट्राम कंपनी प्रवाशांकडून ती घेत गेली आणि साठलेला ढीग बदलून मागायला गेली, तेव्हा त्याने साफ नकार दिला. कंपनीकडे काही इलाज नव्हता. खाजगी टोकनं बंद करणाऱ्या १८६४ च्या कायद्यांमागे असे प्रकार होते असं मानलं जातं. हे टोकन सहज मिळतं, स्वस्त असतं, म्हणून बरेच जण त्याकडे वळूनही पाहत नाहीत. संग्रहाची सुरुवात करायला याच्याइतकं चांगलं टोकन मला दुसरं सुचत नाही.

काही टोकनांवर ‘वन सेंट’ ठळक आणि त्याच्या वर अगदी बारीक अक्षरात ‘नॉट’ असं असतं. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने एक डॉलरच्या आतल्या खाजगी चलनाला आधीच मनाई केली होती, त्यामुळे ही सावधगिरी. ‘आय.ओ.यू. १ सेंट’ (मी तुमचा एक सेंट देणं लागतो) लिहिलेलीही आहेत. झिजलेल्या टोकनावर तो बारीक ‘नॉट’ नाहीसा झालेला असतो आणि लोक वेगळाच प्रकार समजून बसतात. माळेच्या आतली वरची जागा तिरप्या उजेडात धरून बघा.

नंतरच्या काळात जुन्या नमुन्यांवरून पाडलेली टोकनं आणि नाणी हा याच चुकीचा दुसरा चेहरा. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट लव्हेट ज्युनिअरने १८६१ मध्ये बनवलेला कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेंट हे दुकानदाराचं टोकन नव्हे, पण धडा घ्यायला उत्तम उदाहरण. मूळ बारा-एक पाडले गेल्याचं सांगतात. १८७४ मध्ये जॉन हेझेल्टाइन याने त्याच ठशांतून सोन्यात ७, चांदीत १२ आणि तांब्यात ५५ पाडले. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट बॅश्लोने नवे ठसे बनवून हजारोंनी पाडले. तिन्हींवर वर्ष १८६१ च. टोकनावरचं वर्ष ते कधी पाडलं हे सांगत नाही.

आर-९ पाहून पैसे मोजणं

दुर्मीळतेची मोजपट्टी आर-१ ते आर-१० अशी आहे. आर-१ म्हणजे पाच हजारांहून जास्त टोकनं शिल्लक, आर-५ म्हणजे ७५ ते २००, आर-७ म्हणजे १० ते २०, आर-९ म्हणजे दोन ते चार, आर-१० म्हणजे एकच. हे आकडे अंदाजाचे असतात आणि एखादा जुना संग्रह लिलावात आला की खाली सरकतात. त्यातही आर-९ ही एका विशिष्ट ठशाच्या जोडीची आणि धातूची दुर्मीळता आहे. त्याच दुकानदाराचं दुसऱ्या जोडीचं टोकन आर-३ असू शकतं, आणि ‘या दुकानाचं एक टोकन हवं’ एवढीच इच्छा असेल तर आर-३ पुरे. किंमत मागणीवर ठरते. ज्या गावातून एकाच दुकानदाराने टोकन काढलं, त्या गावाचं आर-६ सुद्धा सिनसिनाटीच्या आर-९ पेक्षा महाग जाऊ शकतं, कारण गावांनुसार किंवा राज्यांनुसार जमवणारे बरेच आहेत. ओहायो, न्यूयॉर्क, मिशिगन, विस्कॉन्सिन, इंडियाना, इलिनॉय इथली टोकनं भरपूर. दक्षिणेकडची फार थोडी. अलाबामाच्या हंट्सव्हिलमधल्या ‘व्हाइट अँड स्वान’ यांच्यासारखं नाव दिसलं की भाव लगेच चढतो.

कमी उठाव म्हणजे झीज समजणं

चेहऱ्याचा मधला भाग सपाट, माळेची पानं अस्पष्ट, म्हणून ‘झिजलेलं’ असं लिहून टाकतात. पण इथे ठसे थकेपर्यंत वापरले गेले, दाब कमी-जास्त पडला, ठशांना गंज चढला तरी काम थांबवलं नाही. टोकन दिव्याखाली हळूहळू फिरवा. मोकळ्या भागावर झळाळी चाकासारखी फिरत असेल आणि नक्षी तेवढी बोथट असेल तर ठसा अपुरा उमटला आहे. झीज असेल तर उंच भागांवर रंग बदललेला असतो आणि झळाळी आधी तिथूनच गेलेली असते. उंचवट्याचे बारीक दाणे म्हणजे बहुधा ठशावरचा गंज, खोलगट दाणे म्हणजे टोकनावरचा.

खोटं ठरवण्यातही हीच घाई होते. जॉन डिक्स या अर्थमंत्र्याने २९ जानेवारी १८६१ ला तार पाठवून झेंडा उतरवणाऱ्याला जागच्या जागी गोळी घालण्याचा हुकूम दिला होता. ते वाक्य अनेक टोकनांवर आहे. काहींवर ‘स्पॉट’ ऐवजी एक ‘ओ’ जास्त पडून ‘स्पूट’ झालंय. ही कारागिराची चूक आहे, टोकन अस्सल आहे आणि संग्राहकांचं लाडकं आहे. ओतीव नक्कल वेगळ्या खुणांनी ओळखावी: मोकळ्या भागातले सुईच्या टोकाएवढे खड्डे, गुळगुळीत साबणासारखी अक्षरं, कडेवर गोल फिरणारी सांध्याची रेघ.

चकचकीत करणं

करू नका. लिंबू, व्हिनेगर, पॉलिशची पेस्ट, टूथपेस्ट, चांदी उजळायचं द्रावण, काहीही नको. तांब्याचा मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही आणि जाणकाराला ते लांबूनच कळतं. धूळ असेल तर ऊर्ध्वपातित पाणी. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातला चिकट हिरवट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, घासू नका, खिडकी उघडी ठेवा, आणि आग जवळ नको. कठीण रबराच्या टोकनांना ॲसिटोनपासून लांब ठेवा. अशी मऊ प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची पाकिटं टाकून द्या. शिशाची टोकनं लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती पसरत जाते.

दुसऱ्याच काळातलं टोकन युद्धाचं समजणं

डॉ. फॉइक्टवँगर यांचा १८३७ चा जर्मन सिल्व्हरचा (चांदीसारख्या दिसणाऱ्या, पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचा) एक सेंट मापाने जवळजवळ तेवढाच असतो, पण तो युद्धाच्या पंचवीस वर्षं आधीच्या आर्थिक मंदीतला. त्या मंदीतली बाकीची बहुतेक टोकनं जुन्या मोठ्या सेंटएवढी, म्हणून पटकन वेगळी कळतात. ‘१८६१-१८६५’ अशी जोडवर्षं असतील तर ते टोकन युद्ध संपल्यावर काढलेलं स्मरणचिन्ह आहे. युद्धातल्या माणसाला शेवटचं वर्ष माहीत असणं शक्य नव्हतं. ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचं नाव असेल तर ते १८६६ नंतरचं. लिंकन किंवा मॅक्लेलनचा चेहरा आणि वर भोक असेल तर ते बहुधा निवडणूक प्रचाराचं, कोटाला लटकवायचं.

जुन्या सेंटवर दुकानाचं नाव ठोकलेलं असेल तर दोन गोष्टी बघा. अक्षरांच्या खाचेत आणि बाहेर रंग सारखा आहे का, आणि नाण्याच्या मागे नेमक्या त्या जागी सपाटपणा आहे का. खाचेत ताजा धातू चमकत असेल तर ते ठोकणं नवं आहे.

गॉल्टच्या डब्या आणि सटलरची टोकनं

जॉन गॉल्टने १२ ऑगस्ट १८६२ ला पेटंट घेतलेली टपाल तिकिटाची डबी हीसुद्धा दुकानदारांचीच: पितळेच्या गोल चौकटीत तिकीट, वर अभ्रकाचा पारदर्शक पापुद्रा, मागे आयरच्या औषधी गोळ्या किंवा ड्रेकच्या बिटर्ससारख्या (कडू औषधी मद्य) मालाची उठावाची जाहिरात. इथे सगळा धोका डबी उघडून परत बंद करण्याचा आहे. तुटका अभ्रक बदललेला असतो, स्वस्त तिकीट काढून महाग किमतीचं घातलेलं असतं. चौकटीची दुमडलेली कड भिंगाने पूर्ण गोल तपासा. कुठे ओरखडे किंवा वेगळी दुमड दिसली तर सोडून द्या. अभ्रकाला तडा असणं चालेल, तो मूळचा असावा.

सटलर म्हणजे पलटणीबरोबर फिरणारा परवानाधारक व्यापारी. त्याच्या टोकनावर पलटणीचा क्रमांक आणि ५, १०, २५ किंवा ५० सेंटच्या मालाची किंमत असते. सैनिकाशी थेट नातं असल्यामुळे यांना मागणी प्रचंड, आणि त्यामुळे नकलाही. नवख्याने सटलरचं टोकन तज्ज्ञ संस्थेने तपासून बंद केलेलं असल्याशिवाय घेऊ नये. एनजीसी आणि पीसीजीएस दोन्हीकडे गृहयुद्धातली टोकनं तपासली जातात.

पत्त्याकडे दुर्लक्ष

कितीतरी टोकनांवर रस्त्याचं नाव आणि घराचा क्रमांक असतो, आणि बहुतेक संग्राहक तो वाचून पुढे जातात. तो पत्ता हा तुमच्याकडचा सर्वांत ठोस पुरावा आहे. त्या काळी मोठ्या शहरांत दरवर्षी नाव-धंदा-पत्त्यांच्या निर्देशिका छापल्या जात, आणि त्यातल्या बऱ्याच आता स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात. १८६० पासून १८६६ पर्यंतच्या निर्देशिका एकापाठोपाठ एक पाहा. दुकानदार १८६३ मध्ये त्याच पत्त्यावर होता का? की युद्धाआधीच दुकान हलवलं होतं, म्हणजे टोकन युद्धाआधीच्या जाहिरातीचं? भागीदाराचं नाव कोणत्या वर्षी जोडलं गेलं? टोकनावर वर्ष नसेल तेव्हा काळ ठरवायचा हाच भरवशाचा मार्ग.

निर्देशिकेत नाव सापडलं नाही तर स्पेलिंग बदलून शोधा. या दुकानदारांत जर्मन स्थलांतरित खूप होते आणि एकच आडनाव कारागिराने टोकनावर एका तऱ्हेने, छापणाऱ्याने निर्देशिकेत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. नावाने नाही सापडलं तर धंद्याच्या यादीत पाहा. निर्देशिकेचं पान, वर्ष आणि पत्ता टोकनाच्या नोंदीत लिहून ठेवा. सोबत क्रमांक, कोरडं वजन, विशिष्ट गुरुत्व, कड, आणि टोकन कोणत्या लिलावातून किंवा संग्रहातून आलं तेही. आधीच्या मालकाने हाताने लिहिलेलं जुनं पाकीट आलं असेल तर ते फेकू नका. तेही टोकनाबरोबर ठेवा, फक्त टोकन त्याच्या आत नको, कारण जुन्या कागदातलं आम्ल आणि गंधक तांब्यावर डाग पाडतं.